ठिणगी नसलेले इंजिन

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, ही गोष्ट विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात एका वाक्यात सांगून टाकलेली असते आणि पेट्रोल व डिझेल इंजिनांतील फरक लिहिताना ती एखादा गुण मिळवून देण्यापुरती उपयोगी पडते. मला मात्र असे वाटते की या यंत्राबद्दल सांगण्यासारखे जे काही आहे, ते जवळजवळ सगळे त्या एका वाक्यातूनच निघते. त्याचे वजन, त्याचा खडखडाट, त्याची काटकसर, त्याचे दीर्घायुष्य, त्याचा काळा धूर आणि गेल्या काही वर्षांत त्याच्यावर ओढवलेली नामुष्की, या सर्वांचे मूळ एकाच निर्णयात आहे: इंधन पेटवण्यासाठी बाहेरून काही आणायचे नाही, हवाच इतकी दाबायची की तिच्यात पडलेले इंधन आपोआप पेट घेईल.

हवा दाबली की तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते, ते याचमुळे. आग्नेय आशियातील काही समाज फार पूर्वीपासून याच तत्त्वावर विस्तव पेटवत आले आहेत: लाकडाची किंवा शिंगाची, एका टोकाला बंद असलेली नळी, तिच्यात घट्ट बसणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला चिमूटभर सुकी, चटकन पेटणारी वस्तू, एवढीच त्यांची सामग्री. दांडा एका फटक्यात आत मारून लगेच बाहेर काढला की टोकाला निखारा दिसतो. डिझेल इंजिनात हेच काम मिनिटाला शेकडो वेळा होते. पिस्टन वर येताना सिलिंडरमधील हवा आपल्या मूळ आकारमानाच्या १६ ते २० पटींनी कमी जागेत कोंबली जाते, तिचा दाब वातावरणाच्या दाबाच्या ४०-५० पट होतो आणि तापमान ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या घरात जाते. यात वेगाला फार महत्त्व आहे, कारण पिस्टन सावकाश वर आला तर ही उष्णता सिलिंडरच्या भिंतींत मुरून जाते. कडाक्याच्या थंडीत इंजिन सुरू व्हायला कुरकुर करते ते या गार भिंतींमुळे, आणि मोटारीच्या डिझेल इंजिनात ग्लो प्लग नावाची तापणारी कांडी बसवलेली असते तीही त्यांच्यासाठीच.

पेट्रोल इंजिनाला एवढा दाब वापरता येत नाही, कारण तिथे हवा आणि पेट्रोल आधी मिसळलेले असते आणि ते मिश्रण जास्त दाबले तर ठिणगी पडण्याआधीच ते नको तिथे, नको त्या वेळी पेटते. डिझेल इंजिनाने ही अडचण मुळातच टाळली आहे. दाबताना सिलिंडरमध्ये नुसती हवा असते. जे अजून आत आलेलेच नाही ते अवेळी पेटणार कसे? पिस्टन माथ्याच्या जवळ पोहोचला की मगच इंधनाचा फवारा आत येतो, आणि हवेशी गाठ पडताच जळू लागतो.

येथे एक गंमत आहे. पेट्रोल हे अधिक ज्वालाग्राही, असा आपला समज असतो आणि एका अर्थाने तो बरोबर आहे. नेहमीच्या तापमानाला पेट्रोलच्या उघड्या भांड्याजवळ काडी नेली तर भडका उडतो, तर डिझेलची पेटण्याजोगी वाफ तयार व्हायला त्याला साधारण ५५ अंशांच्या वर तापवावे लागते. पण काडी न लावता, केवळ उष्णतेने आपणहून पेट घेण्यात मात्र डिझेल पेट्रोलच्या पुढे आहे. पेट्रोलमध्ये आपणहून न पेटण्याला किंमत असते आणि ती ऑक्टेन आकड्याने मोजतात, तर डिझेलमध्ये आपणहून पटकन पेटण्याला किंमत असते आणि ती सीटेन आकड्याने मोजतात. एका इंधनाचा गुण तोच दुसऱ्याचा दोष. पेट्रोलच्या गाडीत चुकून डिझेल भरले, किंवा उलट झाले, तर काय होईल याचे उत्तर एवढ्यावरून काढता येते.

हे सगळे तत्त्व सोपे आहे. अवघड आहे तो फवारा. मिनिटाला १५०० फेरे घेणारे एक सिलिंडरचे, साधारण ५ अश्वशक्तीचे इंजिन डोळ्यांसमोर आणावे. ते पूर्ण भार घेऊन तासाला साधारण एक लिटर डिझेल जाळते. चार धावांच्या (फोर-स्ट्रोक) इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा इंधन आत जाते, म्हणजे तासाला ४५,००० वेळा. भागाकार केला तर दर वेळच्या वाट्याला सुमारे बावीस घन मिलिमीटर, म्हणजे पाण्याच्या एका थेंबाच्या निम्मे डिझेल येते. एवढेसे डिझेल दर वेळी तितकेच मोजून, वातावरणाच्या २०० पट दाबाने, नोझलच्या केसासारख्या बारीक छिद्रांतून, सेकंदाच्या सुमारे पाचशेव्या भागात आत सोडायचे, त्याचे धुक्यासारखे बारीक कण करायचे आणि वेळ संपताच शेवटचा कणही न गळता झडप बंद करायची. भार कमी झाला तर त्या अर्ध्या थेंबाचाही चतुर्थांश मोजायचा.

जुन्या पद्धतीच्या फ्युएल पंपात हे काम करणारा प्लंजर मी हातात घेऊन पाहिला आहे. तो करंगळीहून बारीक असतो आणि आरशासारखा चमकतो. त्याच्या अंगावर एक तिरकी खाच कोरलेली असते. प्लंजर ज्या नळीत वरखाली होतो तिच्यात आणि त्याच्यात फट असते दोन-तीन मायक्रॉनांची, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागाच्या आसपास. तेथे रबराचे वायसर नसते की कसले पॅकिंग नसते; दोन्ही भाग एकमेकांवर घासूनच जुळवलेले असतात आणि म्हणून एका जोडीचा प्लंजर दुसऱ्या जोडीच्या नळीत घालत नाहीत. खुबी त्या तिरक्या खाचेत आहे. प्लंजर वर जाताना दर वेळी तितकेच अंतर कापतो, पण त्याला स्वतःभोवती किंचित फिरवले की खाच नळीतल्या छिद्राला लवकर किंवा उशिरा भेटते, आणि ती भेटली की दाब निसटून फवारा थांबतो. इंधन कमी-जास्त करण्याची सगळी युक्ती ही एवढीच. यात वीज नाही, गणकयंत्र नाही. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने असे पंप १९२७ सालापासून मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले आणि डिझेल इंजिन खऱ्या अर्थाने रस्त्यावर आले ते त्यानंतरच, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता आवाजाकडे येतो. फवारा आत शिरला की त्याच क्षणी पेटतो, असे वर लिहिले असले तरी ते काटेकोरपणे खरे नाही. कणांची वाफ व्हायला, ती हवेत मिसळायला आणि ज्वलन सुरू व्हायला सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून थोडा कमी वेळ जातो. तेवढ्या वेळात फवारा चालूच असतो. त्यामुळे पहिली ठिकाणे पेटतात तेव्हा आत साचलेले सगळे इंधन एकदम जळते, दाब झपकन चढतो आणि लोखंडावर घण पडावा तसा ठोका ऐकू येतो. ज्याला आपण डिझेलचा खडखडाट म्हणतो तो हा. गार इंजिनात पेट घ्यायला अधिक वेळ लागतो, अधिक इंधन साचते, म्हणून सकाळचा आवाज कर्कश असतो आणि इंजिन तापले की तो मऊ होतो. अलीकडच्या कॉमन रेल इंजिनांत, म्हणजे सगळ्या सिलिंडरांना एकाच सामाईक नळीतून भारी दाबाचे इंधन पुरवणाऱ्या इंजिनांत, मुख्य फवाऱ्याच्या आधी एक अगदी लहान फवारा सोडून आग तयार ठेवतात आणि मग उरलेले इंधन त्या आगीत घालतात. वातावरणाच्या दोन हजार पटींहून अधिक दाब आणि एकाच धावेत अनेक छोटे फवारे हे विजेवर चालणाऱ्या इंजेक्टरांमुळे शक्य झाले. १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ या मोटारीतून हे तंत्र खासगी गाड्यांत आले आणि डिझेल गाडी आतल्या माणसाला कळेनाशी झाली. मला स्वतःला जुना ठोका आवडतो, पण त्याचे समर्थन करता येणार नाही. तो ठोका म्हणजे बेअरिंग आणि पिस्टन यांच्यावर विनाकारण बसलेला मार होता.

हे यंत्र ज्याच्या नावाने ओळखले जाते तो रुडॉल्फ डिझेल १८५८ साली पॅरिसमध्ये जर्मन आईवडिलांच्या पोटी जन्मला. म्युनिकला शिकत असताना शीतकरण यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेले कार्ल फॉन लिंडे हे त्याचे शिक्षक होते. त्या काळचे वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेपैकी जेमतेम १० टक्के उष्णता कामाला लावत असे आणि बाकीची धुराड्यातून व थंड पाण्यातून वाया जात असे. ही उधळपट्टी डिझेलच्या डोक्यात घर करून बसली. १८९२ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा त्याच्या मनात असलेले इंजिन आजच्या डिझेल इंजिनासारखे नव्हते. हवा प्रचंड दाबून तिचे तापमान आधीच कमाल पातळीला न्यायचे आणि मग इंधन इतक्या बेताने जाळायचे की तापमान आणखी वाढूच नये, असा त्याचा कागदावरचा बेत होता. तसे इंजिन बनवले असते तर त्याची सगळी शक्ती स्वतःच्याच घर्षणात खर्च झाली असती. डिझेलला हे लवकरच उमगले आणि त्याने तो बेत फारसा गाजावाजा न करता बदलला. थोर शोधांच्या गोष्टी सांगताना हा भाग सहसा गाळतात. मला तर तोच सर्वांत बोधक वाटतो.

आउग्सबुर्गच्या यंत्रशाळेत ऑगस्ट १८९३ मध्ये पहिली चाचणी झाली, तेव्हा इंधन पेटले खरे, पण दाब नोंदणारे उपकरण फुटून उडाले. पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत इंजिन स्वतःच्या बळावर फिरले, ते मिनिटभर. आणखी तीन वर्षांनी, फेब्रुवारी १८९७ मध्ये, प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी सुमारे २० अश्वशक्तीच्या, एका सिलिंडरच्या इंजिनाची मोजणी केली आणि कार्यक्षमता निघाली २६.२ टक्के. वाफेच्या यंत्राच्या तुलनेत ही झेप केवढी होती हे आकड्यांवरूनच कळते. त्या इंजिनात इंधन आत ढकलायला वेगळ्या कॉम्प्रेसरची दाबलेली हवा लागत असे, आणि तो कॉम्प्रेसर जड असल्याने इंजिनाची जागा कारखान्यात किंवा जहाजावरच होती. १९१२ साली सेलांदिया हे डॅनिश जहाज डिझेलवर दूरच्या समुद्रप्रवासाला निघाले. त्याला मोठे धुराडे नव्हते, याचे लोकांना नवल वाटले. पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री, अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रुडॉल्फ डिझेल नाहीसा झाला. यावर पुष्कळ तर्क लढवले गेले आहेत. त्यांत मला रस नाही. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते, ही गोष्ट खरी आहे, पण तेवढ्यावरून डिझेलने आपले इंजिन मुळात वनस्पती तेलासाठीच बनवले होते असे जे सांगितले जाते ते खरे नाही.

काटकसरीची कारणे दोन आहेत आणि दुसऱ्याकडे सहसा लक्ष जात नाही. पहिले म्हणजे, हवा जितकी जास्त दाबावी तितकीच ती ज्वलनानंतर जास्त फैलावते आणि फैलावताना आपली उष्णता अधिकाधिक कामाच्या रूपाने पिस्टनला देऊन टाकते. बाहेर जाणारा धूर त्यामुळे तुलनेने थंड असतो. दुसरे म्हणजे, साध्या डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटल, म्हणजे हवा कमी-जास्त करणारी झडप, नसतो. पेट्रोल इंजिनात वेग कमी करायचा तर हवेची वाट चिमटावी लागते, आणि मग इंजिन त्या चिमटलेल्या वाटेतून हवा ओढत स्वतःशीच झगडत राहते. डिझेल इंजिन दर वेळी छाती भरून हवा घेते आणि इंधन मात्र लागेल तेवढेच. म्हणूनच दोघांतला फरक पूर्ण भारापेक्षा अर्ध्या-पाव भारावर आणि नुसते चालू ठेवून उभे असताना जास्त जाणवतो. त्यात डिझेल हे पेट्रोलपेक्षा घट्ट इंधन असल्याने एका लिटरमध्ये दहा-बारा टक्के ऊर्जा जास्त भरते. दर लिटरच्या सरासरीची तुलना करताना हा भाग वजा करायला हवा, तो सहसा कोणी करत नाही.

थ्रॉटल नसण्याला दुसरी बाजूही आहे. हवा मुबलक असल्यामुळे इंधन मिळत गेले तर इंजिनाचा वेग कुठे थांबेल याला धरबंध राहत नाही, म्हणून वेगाला आवर घालणारा गव्हर्नर हा डिझेल इंजिनाचा अनिवार्य भाग आहे. झिजलेल्या टर्बोतून (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यातून) किंवा पिस्टन रिंगांमधून वंगणाचे तेल हवेबरोबर आत जाऊ लागले तर इंजिन त्याच तेलावर बेफाम धावते आणि चावी काढली तरी थांबत नाही, कारण बंद करायला ठिणगीच नसते. अशा वेळी हवेचे तोंड बंद करणे हा खात्रीचा उपाय असतो, आणि तोही हाताने नव्हे, फळकुटासारख्या कशाने तरी.

मला या यंत्राची ओढ वाटते ती मुख्यतः पाण्याच्या पंपावर बसवलेल्या एक सिलिंडरच्या इंजिनांमुळे. डिकॉम्प्रेशनचा लिव्हर उचलून धरायचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहून दाब तयार होत नाही, आणि हँडल मारायला सुरुवात करायची. जड फ्लायव्हीलला पुरेसा वेग आला, आतून नोझलचा ‘कर्र कर्र’ असा आवाज येऊ लागला, की लिव्हर सोडायचा. फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर पिस्टनला माथ्यापलीकडे नेतो आणि पहिला ठोका पडतो. टाकी कोरडी पडून इंजिनाने एअर धरली, म्हणजे इंधनाच्या नळीत हवा शिरली, तर नळीचा नट एका आट्याने सैल करायचा आणि हँडल फिरवत राहायचे. आधी फेस येतो, मग बुडबुडे तुटक होतात, मग शुद्ध डिझेल येऊ लागले की नट आवळायचा. हवा दबते आणि डिझेल जवळजवळ दबत नाही, एवढ्या एका फरकावर हा सगळा खटाटोप उभा आहे. बॅटरी नाही, कॉइल नाही, वायर नाही. जे बिघडते ते बहुतेक वेळा डोळ्यांना दिसते किंवा बोटांना कळते. अशा यंत्राशी माणसाचे जे नाते जडते ते झाकण उघडले की नुसता प्लास्टिकचा पत्रा दिसणाऱ्या इंजिनाशी जडत नाही.

टिकाऊपणाचे श्रेयही त्या दाबालाच जाते, पण आडवळणाने. एवढा दाब सोसायचा म्हणून क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, ब्लॉक सगळे जाडजूड करावे लागले. ज्वलनाला वेळ लागतो म्हणून वेग कमी ठेवावा लागला. आणि जाडजूड वस्तू सावकाश चालली की ती फार काळ चालते. या दिशेचे टोक पाहायचे असेल तर मोठ्या कंटेनर जहाजांच्या इंजिनांकडे पाहावे. २००६ साली एम्मा मर्स्क या जहाजावर बसवलेले वार्टसिला कंपनीच्या रचनेचे १४ सिलिंडरांचे इंजिन सुमारे २,३०० टनांचे आहे. त्याच्या एका सिलिंडरचा व्यास ९६० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव अडीच मीटर. ते मिनिटाला फक्त १०२ फेरे घेऊन ८०,००० किलोवॅट शक्ती देते, आणि इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जा कामाला लावते.

आता धुराकडे वळले पाहिजे, कारण डिझेलप्रेमी लोक येथे विषय बदलतात. इंधन हवेत आधी मिसळलेले नसून ऐनवेळी फवारले जात असल्यामुळे फवाऱ्याच्या गाभ्यात इंधन जास्त आणि ऑक्सिजन कमी पडतो. तेथे काजळी तयार होते. फवाऱ्याच्या कडेला मात्र ज्वाळा अतिशय तप्त असते आणि ऑक्सिजनही भरपूर, त्यामुळे तेथे हवेतलाच नायट्रोजन जळून नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. एकाच सिलिंडरमध्ये, काही मिलिमीटरांच्या अंतरावर, ही दोन विषे दोन उलट कारणांनी तयार होतात. तापमान खाली आणावे तर काजळी वाढते, वर न्यावे तर ऑक्साइडे वाढतात. पेट्रोल गाडीच्या धुराड्यातला उत्प्रेरक येथे ऑक्साइडांपुढे निरुपयोगी ठरतो, कारण डिझेलच्या धुरात ऑक्सिजन शिल्लक असतो. म्हणून काजळीसाठी वेगळा फिल्टर, ऑक्साइडांसाठी युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी आणि वेगळा उत्प्रेरक, असा संसार मागे वाढत गेला. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवले. २०१५ साली फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या केवळ तपासणीच्या वेळी स्वच्छ धूर सोडतात हे उघडकीला आले आणि सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांचा प्रश्न उभा राहिला. त्या गाड्यांतील इंजिने कमअस्सल नव्हती. काटकसर, कमी किंमत आणि स्वच्छ धूर या तिन्ही गोष्टी एकत्र देणे जमत नव्हते आणि ते कबूल करण्याची तयारी नव्हती.

छोट्या मोटारींतून डिझेल जाणार हे मला पटलेले आहे. आजच्या नियमांत बसणाऱ्या शुद्धीकरण यंत्रणेचा खर्च आणि बोजा छोटी गाडी सोसू शकत नाही, आणि शहरात रोज चार-पाच किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचा काजळीचा फिल्टर कधी नीट तापतही नाही, मग तो तुंबतो. जिथे तासन्‌तास भार ओढायचा असतो, इंधन जवळ बाळगायचे असते आणि दुरुस्ती आडरानात किंवा भरसमुद्रात करायची असते, तिथली गोष्ट निराळी आहे. जहाजांत आता नवी इंधने येत आहेत. मिथेनॉलवरही चालणारे पहिले कंटेनर जहाज, लॉरा मर्स्क, २०२३ साली सेवेत आले. मिथेनॉल आपणहून पेट घ्यायला फार नाखूश असते. त्याचा सीटेन आकडा जवळजवळ नगण्य. म्हणून अशा इंजिनांत मिथेनॉलच्या फवाऱ्याच्या बेताला थोडेसे डिझेल आत सोडतात, ते दाबलेल्या हवेत पेटते आणि त्याच्या ज्वाळेवर मिथेनॉल जळते. डिझेलची एक लहान टाकी त्या जहाजांवरही ठेवावीच लागते.